नवसाचा मेंढा

काका डबा घेऊन आले तेव्हा अप्पा उशाला टेकून बसले होते. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन होऊन थोडेच दिवस झाले होते आणि त्या सकाळी वॉकर धरून ते खाटेपासून खिडकीपर्यंत गेले होते. डॉक्टरांनी मान हलवून शाबासकी दिली होती. आईने लगेच गावाकडे फोन करून सांगितलं होतं. अंबाजोगाईच्या त्या दवाखान्यात आम्ही सगळे थोडे सैल झालो होतो.

काका म्हणजे अप्पांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. अप्पा मेंढरं राखतात, काकांनी ती लहानपणीच सोडली. ते पांढरा शर्ट घालतात, एका पुढाऱ्याच्या मागे फिरतात आणि कधीतरी सरपंच व्हायची त्यांची इच्छा आहे. त्या दिवशी त्यांनी स्टीलचा मोठा डबा खाटेवर ठेवला आणि अप्पांच्या कपाळाला भंडारा लावला.

"दादा, नवस फेडला. तुमच्या पायाचा. आधी परसाद घ्या."

नवसाचा प्रसाद ज्याच्यासाठी नवस बोललेला असतो त्याने खायचाच असतो, आमच्यात तो नाकारत नाहीत. आईने ताटलीत मटण वाढलं. अप्पांनी भाकरी मोडून दोन घास खाल्ले. मग विचारलं, "बोकड कुठून आणलं?"

"बोकड कशाला? घरचाच मेंढा हाय की. तुमचा घुंगरवाला." काका हसत होते. "देवाला द्यायचं तर आवडीचंच द्यावं लागतं, दादा. साहेब सोता आलते जेवायला. लई गोड लागला म्हनले."

अप्पांच्या तोंडात तेव्हा तिसरा घास होता. त्यांनी तो थुंकला नाही. प्रसाद थुंकत नाहीत. त्यांनी तो गिळला, ताटलीतच हात धुतला आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. काका म्हणाले, "दमले वाटतं." मग माझ्याकडे बघून नेहमीचा विनोद केला, "काय म्याडम, तुमच्या इंग्रजी शाळेत नवस शिकवतेत का न्हाई?"

मी काही बोलले नाही. मी सरकारी योजनेतून निवासी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे रागाने बोललं की आवाज खाली घ्यायला सांगायचे. माझा आवाज खाली गेला तो तिथेच राहिला. गावात मला मुकी म्हणतात, काही जण शिष्ट म्हणतात. राग मात्र कुणी खाली घ्यायला शिकवला नव्हता.

त्या मेंढ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर हे सगळं वेडेपणाचं वाटेल. आमच्या घरात मेंढरांवर कुणी जीव लावून बसत नाही. अप्पा दर हंगामात व्यापाऱ्याला मेंढरं देतात, पाठीवर हात फिरवून देतात आणि चहा प्यायला निघून जातात. पण हा एक वेगळा होता. त्याची आई रस्त्याच्या कडेला त्याला जन्म देऊन मेली. अप्पांनी त्याला घोंगडीत गुंडाळून आणलं, शेळीच्या दुधावर वाढवलं. मोठा झाल्यावर त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलं. अप्पा पुढे, त्यांच्या मागे तो आणि त्याच्या घुंगराच्या मागे मेंढरांचं सगळं खांड. हाच एक कापायचा नाही आणि विकायचा नाही, हे अप्पांनी भर घरात सांगितलं होतं. काकाही तिथे होते.

उन्हाळ्यात हमरस्ता ओलांडताना एका मोटारसायकलने अप्पांना उडवलं. ते पडले आणि तो मेंढा त्यांच्याजवळ उभा राहिला. तो उभा राहिला म्हणून मागचं खांड रस्त्याच्या कडेलाच थांबलं. पाठोपाठ ट्रक येत होते. आईने हे इतक्या वेळा सांगितलंय की मला वाटतं मी तिथेच होते.

काकांनी तोच कापला, आणि भावावरच्या प्रेमापोटी कापला असं सगळ्या गावाला जेवू घालून सांगितलं. पुढारी पहिल्या पंगतीला होते. त्यांचे फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरले. एका फोटोत काका वाढतायत आणि मागे बाभळीला कातडं टांगलेलं दिसतं.

डबा आला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून अप्पा उठले नाहीत.

फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या, माझ्याएवढ्याच असतील. "बाबा, आज फक्त दारापर्यंत." अप्पा म्हणायचे, "उद्या." उद्या आला की पुन्हा उद्या. छातीसाठी तीन रंगीत चेंडूंचं प्लास्टिकचं यंत्र दिलं होतं, ते तोंडात धरून श्वास ओढायचा की चेंडू वर उडतात. पहिले काही दिवस अप्पा त्यात पोरासारखे रमले होते. आता ते खिडकीत पडून होतं. जेवण दोन घासांवर आलं. पायातली ताकद उतरली, पोटरी माझ्या डोळ्यांदेखत बारीक झाली. खुब्यावरची जखम एका टोकाला चिघळली. टाचा लाल झाल्या. गोळ्या ते घ्यायचे, पण एकदा चादर बदलताना आईला गादीखाली त्या सापडल्या. ती मला म्हणाली, "डाक्टरला सांगू नगं." मी सांगितलं.

भेटायला येणारे येतच होते. बिस्किटांचे पुडे आणि शहाळी खाटेखाली साठत होती. सगळ्यांचं बोलणं एकच.

"हाड बसलंय म्हंते डाक्टर. मग कावून उठना गेलाव?"

"मन घट करा, पावनं."

"लेकरागत करायलाव राव. मेंढरं इकणारा गडी, एका मेंढ्यापायी निजून ऱ्हायला."

काका सगळ्यांच्या पुढचे. ते खाटेच्या पायथ्याशी उभे राहून आलेल्यांना सांगायचे, "आमी आमच्याकडून काय बी कमी केलं न्हाई. एवढा नवस फेडला. आता देव तरी काय करंल? मानसानं बी थोडं अंग हलवावं." लोक त्यांच्याकडे कौतुकाने बघायचे. अप्पा भिंतीकडे बघायचे. मी काकांच्या गळ्याकडे बघायचे. मनातल्या मनात मी त्यांचं काय काय केलं ते इथे लिहिणार नाही. काही लिहिण्यासारखं नाही आणि काही अजून करायचं शिल्लक आहे.

हाडांच्या डॉक्टरांनीच एक दिवस आम्हाला बाहेर बोलावलं. म्हणाले, "माझा रॉड नीट बसलाय. हाड जुळतंय. पण हाड जुळून माणूस उभा राहत नाही. मनोविकाराच्या डॉक्टरांना दाखवू."

आईने पदर तोंडाला लावला. मी हो म्हणाले.

मनोविकाराच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली आणि मेंढरांबद्दल विचारायला लागल्या. अप्पांनी एका शब्दात उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, "रडू येतं का?"

"न्हाई. आलं असतं तर बरं झालं असतं."

"मग काय वाटतं?"

"रातच्याला मेंढराभवती जाळी लावतो आमी. वाघर म्हंतेत. सकाळी मेंढरं सोडली की जाळी नुसतीच उभी ऱ्हाती. आत काय बी नसतंय. तसं हाय."

डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं नाही, नुसती मान हलवली. बाहेर येऊन आम्हाला सांगितलं की हा आजार आहे. नाटक नाही, आळस नाही आणि हट्टही नाही. म्हणाल्या, "मन बसलं की भूक बसते. पोटात गेलं नाही तर जखम कशाने भरणार? झोप नाही, म्हणून दुखणं दुप्पट दुखतं. दुखतं म्हणून ते हलत नाहीत, आणि हलत नाहीत म्हणून ताकद जाते. ऑपरेशन कितीही चांगलं होऊ द्या, बरं व्हायचं काम शेवटी पेशंटचं असतं आणि तो पेशंटच आत्ता जागेवर नाही."

मी त्यांना मेंढ्याची गोष्ट सांगितली. सगळी, डब्यापासून. इतकं सलग मी त्या सबंध वर्षात बोलले नव्हते. मला वाटलं, त्या म्हणतील, बरोबर, यामुळेच झालं. त्यांनी आईला विचारलं, "अपघाताच्या आधी कसे होते?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "संक्रांतीपासूनच गप गप असायचे. जेवान सोडून बसायचे. एकदा वाघर उघडीच ऱ्हायली. रस्त्यावर त्या दिशी बी... मोटारसायकलवाला हारन वाजवत व्हता म्हनं लांबून. ह्यांला ऐकूच आलं न्हाई."

डॉक्टरबाई म्हणाल्या, सुरुवात आधीच झाली असावी. अपघाताने वाढलं, ऑपरेशनने वाढलं, मेंढ्याच्या धक्क्याने उरलंसुरलं गेलं. कारण एकच नसतं.

मला त्यांचा राग आला. मी तिथे आजाराचं निदान ऐकायला बसले नव्हते, साक्ष द्यायला बसले होते. मला गुन्हेगार अख्खा हवा होता, असा वाटून नको होता. आजही मी काकांचा वाटा कमी करायला तयार नाही.

गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरबाईंनी सांगून ठेवलं होतं की लगेच गुण येत नाही, धीर धरा, मध्येच बंद करू नका. जखम सुकल्यावर आम्ही अप्पांना गावी आणलं. आमचं गाव केज तालुक्यात, नांदूरघाटापासून फार लांब नाही. जीपमधून उतरवून त्यांना आत नेईपर्यंत काकांनी गल्लीत सांगून ठेवलं होतं, "पायाला लागलंय अन् दवा डोक्याची चालू हाय." पिठाच्या गिरणीत मला एका बाईने हळूच विचारलं, "तुज्या बापाला बांधून ठेवावं लागतंय का गं?"

मी पीठ घेऊन घरी आले.

खांड तेवढे दिवस माझा मामा राखत होता. पुढे मेंढा नव्हता, म्हणून मेंढरं रस्त्यावर पांगायची आणि मामा संध्याकाळी शिव्या देत परत यायचा. काका ओसरीवर बसून आईला म्हणाले, "वैनी, दादाच्यानं आता होत न्हाई. पाडव्याला मेंढरं पुजू अन् मंग व्यापाऱ्याला देऊन टाकू. पूजा मी करीन. थोरला निजून हाय तर धाकट्यानं करायला हरकत न्हाई."

आमच्यात दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं पुजतात. घरातला थोरला उभा राहून खांडावर भंडारा उधळतो, घरातल्या प्रत्येकाच्या कपाळाला लावतो आणि मग मेंढरं चरायला लांब निघतात. बसून भंडारा उधळत नाहीत. ज्याने उधळला, खांड त्याच्या शब्दात; विकायचं की राखायचं ते तोच ठरवतो.

म्हणजे पाडव्यापर्यंत अप्पा उभे राहायला हवे होते, नाहीतर मेंढराविना ते अंगण त्यांना रोज बघावं लागणार होतं. अप्पांनी डॉक्टरबाईंना सांगितलेली ती रिकामी वाघर मला आठवली. मी ठरवलं. लोक सूड घ्यायला काठ्या घेऊन जातात, मी वॉकर घेतला.

पहिल्यांदा मी चुकीचा रस्ता धरला. मला वाटलं, त्यांना भडकवलं की ते उठतील. मी रोज काकांचं काहीतरी त्यांच्या कानावर घालायचे. काका असं म्हणाले, काका तसं म्हणाले. काकांनी त्या मेंढ्याचं घुंगरू आपल्या जीपच्या आरशाला बांधलंय, हेही मी सांगितलं. ते खरं होतं, जीप गल्लीत वळली की घुंगरू वाजायचं आणि आमच्या आईचे हात थांबायचे. अप्पा ऐकून म्हणाले, "असू दे."

तेव्हा मला कळलं की राग यायलासुद्धा माणसाच्या आत काहीतरी शिल्लक लागतं. अप्पांकडे तेवढंही नव्हतं. मग त्यांच्या वाटणीचा राग मी सांभाळून ठेवला आणि रोज त्यांना नुसतं बसवायला लागले. मॅडमनी शिकवलेलं सगळं. टाच दाबा, गुडघा वाकवा, यंत्राचा चेंडू उडवा. ते नको म्हणाले की मी उठून जायचे नाही. मला गप्प बसता येतं, हा एक गुण माझ्यात पुष्कळ आहे. मी पाय धरून बसून राहायचे. कंटाळून ते एकदा वाकवायचे, मग मी जायचे. आई त्यांना अंडं आणि वरण भरवायची, कारण स्वतःच्या हाताने घास उचलणं त्यांना जड जायचं. गोळी मी समोर उभी राहून द्यायचे आणि तोंड उघडून बघायचे.

पावसाळा असाच गेला. एखाद्या दिवशी उंबऱ्यापर्यंत, एखाद्या दिवशी पलंगावरून खालीसुद्धा नाही. बरं होणं सरळ वर चढत नाही. तपासणीला अंबाजोगाईला गेलो की हाडांचे डॉक्टर फोटो बघून खूश व्हायचे आणि डॉक्टरबाई अप्पांचा चेहरा बघून गोळीचा डोस ठरवायच्या.

दसऱ्याच्या आसपास एका सकाळी अप्पांनी चहाचा घोट घेतला आणि कप आपटला. "ह्यो चहा हाय का पाक? साकर फुकट आली का?"

आई घाबरली. मी चुलीपाशी उभी होते, मला हसू आवरेना. कित्येक महिन्यांत त्यांना कशाचाही राग आला नव्हता. डॉक्टरबाईंना फोनवर सांगितलं तर त्याही हसल्या. म्हणाल्या, चांगली खूण आहे, पण भांडू नका.

त्याच आठवड्यात गल्लीत जीप वळली. घुंगरू वाजलं. अप्पांनी मान वर केली. "ते त्याच्या गाडीला हाय?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

"तवा मला ऐकू आलं न्हाई," अप्पा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "वाकर आन."

त्या दिवशी ते अंगण ओलांडून वाघरीपर्यंत गेले आणि घामाने भिजून परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उठवेना. तिसऱ्या दिवशी मी काही न बोलता वॉकर पलंगाजवळ ठेवला.

काकांना यातलं काही कळू द्यायचं नाही, हे मी आणि आईने ठरवलं होतं. ते विचारायचे, "कसं हाय दादाचं?" आई म्हणायची, "हाय तसंच." खोटं बोलताना तिचा चेहरा इतका दुःखी दिसायचा की मला तिचं कौतुक वाटायचं. काकांनी पाडव्याला चार माणसं बोलावली, व्यापाऱ्यालाही निरोप धाडला. पुढारी येणार नव्हते, पण त्यांचे दोघे कार्यकर्ते येणार होते.

पाडव्याच्या सकाळी मामाने मेंढरांच्या पाठी रंगवल्या होत्या. अंगणात माणसं उभी होती. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हातात भंडाऱ्याची थाळी घेऊन तयार होते. तेवढ्यात आतून वॉकरची टकटक ऐकू आली. सगळे दाराकडे बघायला लागले. अप्पा आले. धोतर, नवा पटका, एका बाजूला आई. पायऱ्या उतरायला त्यांना बराच वेळ लागला. मी त्यांच्या मागे होते, पण मी त्यांच्याकडे बघत नव्हते. मी काकांचा चेहरा बघत होते. मला त्यातलं काहीही चुकवायचं नव्हतं.

"दादा," काका म्हणाले, "कशाला तरास घेतला? मी करीत व्हतो की."

अप्पांनी हात पुढे केला. काकांना थाळी द्यावी लागली. ती धरायला मी पुढे झाले, कारण अप्पांचा एक हात वॉकरला होता. त्यांनी मूठभर भंडारा खांडावर उधळला. मग एकेकाला बोलावून कपाळाला लावला. आईला, मामाला, मला. शेवटी काका वाकले. अप्पांनी त्यांनाही लावला. मी असते तर लावला नसता.

काका सरळ व्हायला लागले तेव्हा अप्पा म्हणाले, "थांब. पुढच्या बारीला माझ्यासाठी नवस बोललास, तर तुझ्या आवडीच्या वस्तूचा बोल."

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. काका कसंनुसं हसले. "माझ्या आवडीचं काय हाय, दादा, माझ्यापाशी?"

भिंतीला टेकून बसलेला आमच्या भावकीतला एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "सरपंचाची खुर्ची हाय की आवडीची. पर ती अजून त्याची झाली न्हाई, बिचारा देवाला देईल कशी?"

अंगण हसलं. कार्यकर्तेसुद्धा हसले. व्यापारी तोंडावर उपरणं धरून हसला. हा आवाज ऐकायला मी उन्हाळ्यापासून थांबले होते.

आणि मग मी बोलले. खूप मोठं भाषण मी मनात तयार ठेवलं होतं, दवाखान्यापासून घासून पुसून. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी एवढंच म्हणाले, "काका, घुंगरू गाडीला आहे. सोडून आणा."

मुकी बोलली म्हणून सगळे माझ्याकडे बघत राहिले. काकांनी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी काही मध्यस्थी केली नाही. काका गल्लीत गेले, पांढऱ्या शर्टात जीपमध्ये अर्धे वाकले आणि गाठ सुटेना म्हणून बराच वेळ वाकलेलेच राहिले. आम्ही सगळे बघत होतो. घुंगरू आणून त्यांनी माझ्या थाळीत ठेवलं आणि चहाला थांबले नाहीत. व्यापारीही मागोमाग निघाला.

मामाने विचारलं, "कोनाला बांधायचं?"

अप्पांनी खांडावरून नजर फिरवली. "न्हाई अजून. बघू पुढच्या साली." मामा मेंढरं घेऊन निघाला. ती जरा पांगतच गेली.

अप्पा खुर्चीत बसले. पाय थरथरत होता, चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं होतं की आजच्यानंतर सगळं बदलेल. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा जेवणाचं ताट परत पाठवलं, आणि आजही काही सकाळी ते भिंतीकडे तोंड करून असतात. आता काठीवर चालतात. खांडामागे वेशीपर्यंत जातात आणि परत येतात. सूड घेतला तरी गोळी बंद करायची नसते, हे मला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही.

अप्पांनी काकांवरचा राग मनातून काढून टाकलाय. काका आले की चहा द्यायला सांगतात. मी चहा देते. त्यात साखर घालत नाही.